पडद्याआडची हरकत

"आमच्या हिला सभासद करून टाका, अण्णासाहेब. ती बोलतच नाही. मंडळाला अशीच माणसं पाहिजेत!"

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. मी आपली चहाचे पेले घेऊन बैठकीच्या दाराआड उभी. आत आमचे 'हे' आणि अण्णासाहेब वकील मनमुराद हसत होते. मी आत गेले, चहा ठेवला, पदर सावरला आणि काही न बोलता परत आले. म्हणजे त्यांचं म्हणणं खरं करूनच आले की! पण याच गप्प बसण्यानं पुढे माझी जी फजिती केली, ती काय वर्णावी!

लग्न होऊन मी जबलपुरात, दीक्षितपुऱ्यात आले, त्याला जेमतेम एक हिवाळा झाला होता. इथल्या मराठी मंडळींचं एक पुष्पप्रेमी मंडळ होतं. छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांत शेवंती फुलते, मग आपल्या अंगणात काहून नाही, या जिद्दीतून निघालेलं. अण्णासाहेब अध्यक्ष, हे चिटणीस. दोघेही रीतसर निवडून आलेले. आणि निवडणूक तरी कशी? जणू जिंकणाऱ्याला थेट नागपूरच्या कौन्सिलात जाऊन बसायचंय!

त्या हिवाळ्यात शेवंतीचं प्रदर्शन भरलं. परीक्षक कोण? चिटणीस. पहिलं बक्षीस कोणाच्या कुंडीला? चिटणिसांच्या. आदल्या वर्षीही तेच झालं होतं म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडळातल्याच घाटे मास्तरांनी मात्र दुसऱ्या दिवशी घमापुरात, बियाण्यांच्या दुकानासमोर, भर बाजारात सांगितलं, "वामनरावच परीक्षक, वामनरावच पहिले. पुढच्या वर्षी टाळ्यासुद्धा तेच वाजवतील!"

वामनराव म्हणजे आमचे हेच. बाजारातून भाजी घरी पोचायच्या आधी हे वाक्य पोचलं.

"हा अपमान माझा नाही, मंडळाचा आहे!" यांनी ताट सरकवलं.

"मंडळाचा आहे, तर तू काहून जेवून नाही राहिला?" सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. ते मी आमटीच्या पातेल्यात वाकून लपवलं.

मग ठराव आला: निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांबद्दल सभेबाहेर कोणी बोलू नये, बोलल्यास सभासदत्व जाईल. पुरुषांत मास्तरांच्या बाजूचे थोडे जास्त होते. सासूबाई आणि अण्णासाहेबांच्या पत्नी माई धरल्या की बरोबरी होत होती. अडलं होतं एका मतावर. म्हणून मी सभासद!

मला तो ठराव मुळीच पटला नव्हता. ज्याला आपणच हात वर करून बसवला, त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही? मग बसवायचा तरी कशाला? पण नव्या सुनेनं सभेत बोलायचं कसं? मी ठरवलं, माहेरच्या पद्धतीनं विरोध करायचा. आमच्या माहेरी बाई गप्प झाली की तो नकार. आई गप्प बसली की बाबा जुंपलेली बैलगाडी सोडून द्यायचे!

सभेत आम्ही तिघी बायका चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड. अण्णासाहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?" आणि मी गप्प बसले. नुसती गप्प नाही हो! ओठ आवळून, मान ताठ करून, असा कडकडीत विरोध केला की मला वाटलं, पडदा आता पेट घेतो!

ठराव मंजूर झाला.

परतताना टांग्यात हे खुशीत. "शाब्बास! तू नसतीस तर ठराव पडलाच होता."

"मी? मी कुठं काय बोलले?"

"तेच तर! पडद्यातून तुमचे हात दिसत नाहीत. म्हणून आवाज आला नाही की संमती धरतात. पहिल्यापासून रीत आहे आपली."

टांग्यातून उडी मारावीशी वाटली. म्हणजे मास्तरांचं तोंड बंद करणारा कायदा केला कोणी? मीच! तोही तोंड बंद ठेवून!

मास्तर काही गप्प बसले नाहीत. त्याच दुकानासमोर तेच पुन्हा बोलले. लगेच पुढच्या सभेत त्यांना काढण्याचा ठराव. मास्तरांच्या घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. संध्याकाळी मंडळात यायचं आणि शेवंतीच्या किडीवरून कोणाशी तरी कडाडून भांडायचं, एवढाच त्यांचा संसार. तो मोडायला मी हातभार लावला होता.

सभेत मास्तर उभे राहिले. "मी वामनरावांना वाईट म्हणून नाही राहिलो. माणूस भला आहे. मत मीच दिलं त्यांना. म्हणून तर विचारून राहिलो! ज्यानं मत नाही दिलं, त्यानं गप्प बसावं एक वेळ. मी कसा बसू?"

हातांची मोजणी झाली. मग अण्णासाहेब पडद्याकडे वळले. "हरकत? नाही? चलो, मग पडद्याआडची संमती…"

"हरकत आहे!"

माझाच आवाज! इतका अनोळखी की हे इकडेतिकडे पाहायला लागले, कोण बोललं म्हणून.

"अच्छा! सुनबाई?" अण्णासाहेब दचकले. "हरकत कशाबद्दल? कोणाबद्दल? सभेत बोलायचं तर नावानिशी बोलावं लागेल."

झाली का पंचाईत! नवऱ्याचं नाव असं उघड घ्यायचं कसं? ते तोंडातून काढायला आम्हा बायकांना एकच वाट, उखाणा. आणि भरसभेत उखाणा? मी सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता डोळे वटारतील. त्या हळूच म्हणाल्या, "बोललीस ना? मग घे नाव. अर्धवट सोडू नको."

मी डोळे मिटले.

"कुंडीत माती भरते मी, पाणी घालते सासू,
वामनराव बक्षीस देतात वामनरावांना, सांगा कशी नको हासू?"

मग माई अशा हसल्या की पडदा हलला. "अहो, माझीही हरकत लिहा!" त्या ओरडल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझी पण. पाणी खरंच मी घालते." मग पुरुषही हसले. मास्तर चष्मा पुसत बसले. यांचा चेहरा शेंदरासारखा लाल. पण मान खाली घालून हेही हसत होते, हे मी चिकाच्या फटीतून पाहिलं.

"ठराव पडला," अण्णासाहेब म्हणाले. "आणखी काही म्हणायचंय, सुनबाई?"

"हो. मागच्या सभेतही माझी हरकतच होती. फार जोरात घेतली होती हो, पण मनातल्या मनात!"