पांढऱ्या पाण्यातली वाट

परभणीतल्या आमच्या प्रयोगशाळेत दुपारी पडदे ओढलेले असतात. मधे गोल हौद, त्यात दूध पावडर कालवलेलं पांढरं पाणी, आणि पाण्याखाली, दिसणार नाही असा, एक छोटा ओटा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. थोड्या दिवसांत त्याला वाट पाठ होते. मग मी त्याच्या मेंदूत विष टोचते. पेशी मरतात, उंदीर ओटा विसरतो, आणि काठाकाठानं फिरत राहतो, झोपेत पोहत असल्यासारखा. विसरण्यावरचं औषध शोधायचं तर आधी कुणाला तरी विसरायला लावावं लागतं. मला त्यांची दया येते, तरी मी सुई उचलते.

"सगळं गाव उंदरं मारायलंय, अन् तू त्यांला आंघोळ घालायलीस," आई म्हणते.

उंदीर वाट काढतो ती भिंतीवरच्या खुणांवरून. एक त्रिकोण, एक फुली, कोपऱ्यातलं स्टूल. कुणी स्टूल जरी सरकवलं तरी माझं डोकं सटकतं, कारण खुणा हलल्या की विष न टोचलेला उंदीरसुद्धा हरवतो.

तिकडे गावी, ताडकळसला, बाबांना विसर पडायला लागला होता. त्यांना बरं वाटावं म्हणून भावानं घर नवं केलं. गुळगुळीत फरशी, फिकट रंग, बाजेच्या जागी दिवाण. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. बाबा उंबऱ्यातच थबकले. "कोणाचं घर हाय हे?" सगळे म्हणाले, आजार वाढला. मी मात्र भावावर भडकले आणि अख्खा रविवार वस्तू परत जागेवर लावत बसले. खिडकीखाली बाज, दारासमोर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात रांजण. बाबांना त्यांचं घर परत मिळावं, आणि घरातली मीही, एवढंच मला हवं होतं.

उन्हं कलताना बाबा आत आले. भिंतीला हात लावत रांजणापाशी गेले, पाणी प्यायले, थेट बाजेवर जाऊन बसले. मला रडूच कोसळलं. भाऊसुद्धा हसला.

बाबांनी बाजेवर माझ्यासाठी जागा केली. "बसा बाई. माजी पोरगी येईल आता परभणीहून. जरा तापट हाय, पर माज्यावर लय जीव हाय तिचा."

मी "हो" म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसून तिची वाट बघू लागले.