परतताना ऐकलेली आबांची हाक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी, तेही बी.एस्सी. झूऑलॉजी. वाचून कोणाला हसू आलं तरी चालेल... पण घडलं ते असं.

माझे वडील, आबा, चिखलीच्या धान्य बाजारात हर्रास पुकारायचे. ढिगाजवळ उभं राहून लिलावाचे भाव बोलायला लागले की आवाज पार गेटवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. त्यांना घशाचा कॅन्सर झाला. जीव वाचवायला डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आबा गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायला लागले.

मायला वाटायचं, औषधपाण्यानं आवाज परत येईल. मीच समजावलं – फुफ्फुसातली हवा वर येताना स्वरतंतू थरथरतात, तो आपला आवाज. पिपाणीची पत्ती काढली की नुसती हवा उरते ना, तसं. ती म्हणे, “एकडाव तरी हाक मारतीन.” मोबाइलमध्येसुद्धा त्यांचा आवाज नव्हता. रेकॉर्ड करावा असं कोणाला सुचलंच नाही. मायला बोलवायचं तर आबा टाळी वाजवत.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. मी एकुलती एक, अग्नी मीच दिला. गावात कुजबुज झाली, होऊ द्या. माय रीतीप्रमाणे घरी थांबली.

स्मशानातून परतताना मागं वळून पाहायचं नसतं. भर दुपारी नाल्याच्या काठानं सगळे चाललो होतो... आणि मागून हाक आली. “रंजेऽऽ”

हर्रासातला तोच मोकळा, खणखणीत आवाज. माझे पाय थांबले. मी काही बोलायच्या आत आबांचे धाकटे भाऊ, महादूकाका, यांनी माझं कोपर धरलं.

“चाल बाई. मांगं पाहू नको.”

बाकी कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. राख सावडून आल्यावर ओसरीत मी काकांना विचारलं. ते तंबाखू मळत होते. मळता मळताच म्हणाले, त्यांना ‘महाद्या’ अशी हाक ऐकू आली. मला माझं नाव, त्यांना त्यांचं – एकाच वेळी.

दुःखात भास होतात, हे मलाही कळतं. पण दोघांना, एकाच पावलावर? ज्या गळ्यात स्वरतंतूच नाहीत, त्याचा आवाज? मी शिकले त्यात याचा उलगडा नाही.

माय दारात उभी राहून ऐकत होती, आमच्या लक्षातच आलं नाही. ती रडली नाही. चौकट धरून तिनं एवढंच विचारलं,

“अन् मले? मले नाही मारली हाक?”