सत्तेचाळीस, कानडीमार्गे

मंगलचं इंग्रजी तसं कुणाच्या बापाला भीत नव्हतं. बेळगावजवळच्या कडोलीची ही सून शेजारच्या मच्छेच्या एका कारखान्यात माल रवाना करायचं काम बघते. पंपाचे सुटे भाग तिथं तयार होतात आणि जर्मनीला जातात. दर शुक्रवारी तिथले होफमन साहेब फोनवर येतात, आणि पावसापाण्यापासून बंदरातल्या खोळंब्यापर्यंत सगळं ती त्यांच्याशी खुशाल बोलते. पण आकडा आला की तिचं घोडं पेंड खायचं.

आता यात तिचा एकटीचा काय दोष? आपण सात आधी म्हणतो, चाळीस मागाहून. इंग्रजाचं उलट. मंगल मनात मराठीत मोजायची, तोंडानं इंग्रजीत सांगायची, आणि मधल्या उडीत आकडा पालथा पडायचा. एकदा तिनं फोनवर फॉर्टी-सेव्हनऐवजी ठणठणीत आवाजात सेव्हंटी-फोर सांगितलं. साहेबांनी तेवढ्या खोक्यांच्या मापाचा कंटेनर ठरवला. सत्तेचाळीस खोकी भरून झाल्यावर उरलेल्या जागेत लग्नाची एक पंगत आरामात उठली असती.

मालक श्रीपाल अण्णा निपाणीकडचे, सौम्य माणूस. ते ओरडले नाहीत.

"आक्का, तुमचं काम चोख हाय. पण फोनवर आता माझा पुण्याचा भाचा बोलंल. तुम्ही कागदांचं बघा."

मंगलला हे फार लागलं. त्या फोनसाठी ती शुक्रवारी ठेवणीतली साडी नेसायची. फोनवर साडी कोण बघतंय? पण नेसायची. माहेरी-सासरी परदेशातल्या माणसाशी बोलणारी ती पहिलीच होती, आणि याचा तिला अभिमान होता. "अण्णा, एक शुक्रवार द्या," ती म्हणाली. "चुकले तर मीच फोन त्यांच्या हातात देते." अण्णा कबूल झाले.

वाट सापडली ती गाडी भरताना. गोकाककडचा ड्रायव्हर भरमू कानडीत खोकी मोजत होता, "नलवत्तैदु, नलवत्तारु, नलवत्तेळु..." शेजारी उभी मंगल त्याच्या मागोमाग इंग्रजीत पुटपुटत होती, आणि एकही आकडा उलटा होईना! मग तिच्या डोक्यात उजेड पडला. कानडीतही इंग्रजीसारखंच चाळीस आधी, सात नंतर; आधी नलवत्तु, मग एळु. लहानपणी आईबरोबर बेळगावच्या बाजारात भाजी विकताना कानडी मोजणी तिच्या जिभेवर बसली होती. मराठीतून थेट इंग्रजीत उडी मारून ती पडत होती. मध्ये कानडीची पायरी घेतली की झालं.

घरी भाकऱ्या थापताना तिचा सराव सुरू झाला. सासरे आण्णाप्पा म्हणजे गावच्या मराठी साहित्य संमेलनाचे जुने कार्यकर्ते, सतरंज्या झटकण्यापासून आभारापर्यंत सगळीकडं पुढं. त्यांचे कान टवकारले.

"काय गं मंगल, मराठीच्या घरात ह्यो कसला जप?"

"आप्पा, इंग्रजीला जायाची वाट कानडीतनंच हाय."

"लई झालं!" म्हणत आप्पा रागानं पायांत चपला सरकवून बाहेर गेले.

शुक्रवारी फोन स्पीकरवर लावला; समोर अण्णा, आणि भाचा वही उघडून शेजारी बसला. मंगल सावकाश बोलली. प्रत्येक आकडा मनात कानडीत वळवून घेतला, वर एकेक अंक सुटा करून सांगितला. तारखेत महिना आकड्यानं न सांगता नावानं सांगितला. सगळं बिनचूक गेलं. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मग होफमन साहेबांनी पुढची मागणी सांगायला घेतली. ते बोलता बोलता अडले, आणि घाईनं म्हणाले, "सिक्स्टी-थ्री." भाच्यानं त्रेसष्ट लिहूनही टाकलं. पण ते अडणं मंगलच्या ओळखीचं होतं. आकड्याआधी ती स्वतः वर्षानुवर्षं तशीच अडत आली होती.

"साहेब, एकेक अंक सांगता का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"थ्री. सिक्स." आणि पलीकडून मोठ्यानं हसणं आलं. "माफ करा, आमच्या भाषेत सहा आधी म्हणतात, तीस नंतर. घाईत माझं नेहमी उलटं होतं."

"आमच्याही भाषेत तसंच!" मंगल जवळजवळ ओरडलीच. सातासमुद्रापार कुणीतरी तिच्याच दगडाला ठेचकाळतंय, याचा तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. भाच्यानं त्रेसष्टवर काट मारली आणि छत्तीस लिहिलं.

"फोन आक्कांकडंच राहू दे," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी तिनं ही हकिगत आप्पांना सांगितली. आप्पांची छाती फुगली.

"म्हंजे जर्मनबी आपल्यावानीच मोजत्यात?"

"व्हय आप्पा."

आप्पा खूश झाले. पण मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मग त्या बिचाऱ्याचं लई हाल हुईत असतील की गं. त्येला कानडी कुठली येतीया? म्होरल्या शुक्रवारी थोडी शिकव त्येला!"