रोवेनाची आई

ग्लेन्ना टटलला दुकानात कोणी शिव्या घातल्या की तिचा दिवस सोन्याचा जाई. हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या त्या आवारात, कायम हिरवट पाणी असलेल्या पोहण्याच्या तलावाभोवती राहणाऱ्या सगळ्यांना हे पाठ होतं. 'मॅलरी पॉइंट' या दुपारच्या मालिकेत ती चौदा वर्षं रोवेना हॅवलॉक होती. रोवेनाने दोन नवरे पळवले, एक गाडी दरीत ढकलली आणि सख्ख्या बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं. मग काय, भाजीपाशी कुठलीशी बाई तणतणत यायचीच.

"लाज नाही वाटत गं भवाने? बहिणीचा नवरा!"

एकीने तर सेलरीची जुडी पाठीत हाणली होती. अशा वेळी ग्लेन्ना डावी भुवई चढवायची, हातमोजा एकेक बोट मोकळं करत उतरवायची आणि थंडपणे विचारायची, "तुझा कुठे आहे? घरीच ना? बघून ये एकदा." घरी आल्यावर तलावाकाठी हा प्रयोग पुन्हा व्हायचा, अधिक रंगवून.

"खरं सांग," शेजारची ओपल डिन्समोर आरामखुर्चीतून म्हणायची, "सेलरी तूच विकत घेऊन तिच्या हातात दिलीस ना?"

ग्लेन्ना मूळची आयोवातली. बाप डुकरं पाळायचा. गावच्या नाटकात तिने बरी राणी केली, तेवढ्या भांडवलावर ती हॉलिवूडला आली. पहिल्या सिनेमात ती किंचाळून मेली. दुसऱ्यातही मेली, पण किंचाळायला मिळालं नाही. तिसरा घोड्यांचा होता. त्यात ती घोड्याच्या पलीकडे उभी होती. गावाकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात, बहुधा घोड्याला. नंतर सात-आठ वर्षं साबणाच्या जाहिरातींत तिचे नुसते हात दिसले. अशी पिचून गेल्यावर रोवेना मिळाली. ती भूमिका नव्हतीच; तो तिचा जन्म होता. बाकीचं आयुष्य म्हणजे एक नवरा (गेला), एक मांजर (तेही गेलं) आणि फ्रीजमध्ये कॉटेज चीज.

मग पित्ताशयात खडे निघाले.

"सहा आठवडे विश्रांती घे," निर्माता म्हणाला. "रोवेना कुठे पळून जात नाही."

खरंच, ती कुठेच गेली नाही. इस्पितळात दुपारी दोनला नर्सने टीव्ही लावला, आणि सुरुवातीच्या संगीतावर तो गंभीर पुरुषी आवाज आला: "आज रोवेनाच्या भूमिकेत आहेत डेल्फी मार्श." एवढंच. पडद्यावरच्या दिवाणखान्यात डेल्फी शिरली, तिने डावी भुवई चढवली, एकेक बोट मोकळं करत हातमोजा उतरवला.

"ही बाई म्हणजे नुसतं विष!" उशी सारखी करत नर्स म्हणाली.

"ही ती नाही," ग्लेन्ना म्हणाली. "ती मी आहे."

"हो हो," नर्स म्हणाली आणि गुंगीचं औषध थोडं कमी करायचं ठरवलं.

सहा आठवड्यांनी ग्लेन्ना स्टुडिओत परत गेली, तर दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. प्रेक्षकांना नवी आवडली होती. पत्रं आली होती म्हणे, की रोवेना अलीकडे फार खरी वाटते.

त्यानंतर ग्लेन्ना रोज दुकानात जायला लागली, गरज असो नसो. हातमोजे घालून, जुलैच्या उन्हात. एकदा एक बाई तिच्याकडे टक लावून जवळ आली. ग्लेन्नाची पाठ ताठ झाली, भुवई तयार.

"राग मानू नका हं," ती बाई गोड हसून म्हणाली, "तुम्ही थोड्याशा त्या रोवेनासारख्या दिसता. म्हणजे, ती देखणी आहे."

हे तिने तलावाकाठी सांगितलं नाही. पण ओपल तेव्हा दुकानात मागेच उभी होती, तिने सांगितलं.

दोन वर्षं अशीच गेली. मग एजंटचा फोन आला. रोवेनाची मेलेली आई जिवंत होणार होती, आणि त्या भूमिकेसाठी ग्लेन्नाला बोलावलं होतं.

"म्हणजे तू तुझीच आई?" ओपल पाण्यात पाय सोडून खिदळली. "अगं, ती डेल्फी तुझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी लहान असेल! दहाव्या वर्षी बाळंतीण झालीस की काय?"

"त्या मालिकेत वयाचं काय घेऊन बसलीस?" आर्टी झेलर म्हणाला. हा म्हातारा आयुष्यभर पडद्यावर बारवाला झाला होता. "रोवेनाचा सहा वर्षांचा पोरगा इस्टरला जिना चढून झोपायला गेला, तो त्याच नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला दाढी करून, वकील होऊन खाली उतरला. राणीसरकार, जा तुम्ही. आत तर शिरा! मागून पोरीला विष घालता येईल."

ग्लेन्ना हसली नाही. तिच्या डोक्यात नेमकं तेच चाललं होतं. आत शिरायचं. एकदा का ती आणि डेल्फी एका चौकटीत आल्या, की लोकांना आपोआप कळेल खरी कोण.

चाचणीत दोघींना एका सोफ्यावर बसवलं, चेहरे जुळतात का बघायला. डेल्फीने तिच्याशी अदबीने हात मिळवला. "तुम्ही आधी कशात होतात?"

ग्लेन्नाने वाक्य म्हटलं, "पोरी, तुला मीच घडवलं," आणि भुवई चढवली.

"थांबा," दिग्दर्शक ओरडला. पोरगेला होता, महिन्यापूर्वीच लागलेला. "बाई, ती भुवई डेल्फीची आहे. नक्कल नको. तुमचं स्वतःचं काही असेल तर करा."

तिने पुन्हा केलं. तीन वेळा. भुवई दाबून धरली तर ओठ थरथरायचे. शेवटी काचेमागून निर्मात्याचा आवाज आला. ध्वनिक्षेपक बंद करायला तो विसरला होता.

"चेहरा मुळीच जुळत नाही. हिच्या पोटी रोवेना? कोण विश्वास ठेवेल?"

मग दुसऱ्या कुणाला घ्यायचाही त्यांना कंटाळा आला. आई मेलेलीच राहिली. फक्त शेकोटीवर तिची तसबीर टांगायचं ठरलं. सामानवाल्याने गोदामातून धूळ झटकून एक जुना फोटो आणला: पहिल्या वर्षीची रोवेना, म्हणजे ग्लेन्नाच. फोटोचे हक्क चॅनलचेच होते. निर्माता म्हणाला, वा, काय साम्य आहे!

आता दुपारी दोनला ओपल खिडकीतून हाका मारायला लागली, "ग्लेन्ना, धाव गं, तुझं काम लागलंय!" डेल्फी दर आठवड्याला तसबिरीवर वाइनचा पेला फेकायची. "काय संयम आहे बाईचा," आर्टी म्हणायचा. "पापणी लवत नाही." ग्लेन्ना दार लावून घ्यायची. पण दाराआडून त्याच मालिकेचा आवाज यायचा.

ऑक्टोबरात ती टोमॅटो चाचपत होती. मागून कुणीतरी खांदा धरून फिरवलं. लाल चेहऱ्याची, धापा टाकणारी बाई होती.

"तूच ना ती? शेकोटीवरची? रोवेनाची आई?" तिचे डोळे भरून आले होते. "कसली आई गं तू? तूच लाथाडलंस म्हणून पोर अशी झाली! बिचारी रोवेना! मेलीस तेच बरं झालं!"

आजूबाजूच्या सामानाच्या ढकलगाड्या थांबल्या. मटणाच्या काउंटरपाशी उभी असलेली ओपल चार पावलं पुढे आली. हे तिला चुकवायचं नव्हतं.

ग्लेन्नाने तोंड उघडलं. अगं बाई, रोवेना मीच, चौदा वर्षं मीच, असं ती सांगणार हे ओपलला स्पष्ट दिसत होतं. पण त्या बाईच्या रागात एवढी ऊब होती. तीन वर्षांत असं कोणी खांद्याला धरलं नव्हतं.

ग्लेन्नाची डावी भुवई चढली.

"बिचारी?" ती हातमोज्याचं एकेक बोट मोकळं करत म्हणाली. "ती कार्टी जन्मतःच घाण होती. मी उशी तोंडावर दाबणार होते, पण दाई मधे आली."

खाडकन थोबाडीत बसली. बाई तरातरा निघून गेली. ग्लेन्नाने गाल चोळला, उरलेला हातमोजा उतरवला आणि आरशासारख्या स्टीलच्या तराजूत पाचही बोटं उमटलीत का हे वाकून पाहिलं.

"ओपल," ती वळून म्हणाली, "नीट पाहिलंस ना? आर्टीला तूच सांग. मी सांगितलं तर खोटं वाटेल."