टिंबं काढणार नाही

भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि निलंग्याच्या टायपिंग क्लासमधून इंग्रजी चाळीसची परीक्षा नुकतीच पास झाले होते. तेवढ्या एका कागदावर मला मदत छावणीतल्या दवाखान्यात काम मिळालं. वडील शाळामास्तर. त्यांनी एवढंच विचारलं, "रडशील का तिथं?" मी म्हटलं, "टाइप करीन."

दवाखाना म्हणजे तीन तंबू. एका तंबूच्या कोपऱ्यात लोखंडी टेबल, त्यावर जडशीळ टाइपरायटर आणि समोर मी. रोज पेशंटच्या याद्या टाइप करायच्या आणि प्रत्येकीखाली डॉक्टरचं नाव टाकायचं. हाडांच्या डॉक्टर परदेशातून आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. इंग्रजी त्याही माझ्यासारखंच अडखळत बोलायच्या, म्हणून आमचं जमायचं. त्यांच्या नावात एक o होता आणि त्याच्या डोक्यावर दोन टिंबं. टाइपरायटरवर तसलं अक्षर नव्हतंच, म्हणून मी साधा o मारला. संध्याकाळी बाई सहीला बसल्या आणि प्रत्येक कागदावर पेनानं दोन दोन टिंबं देत गेल्या. तीस कागद होते. तिसांवर दिली.

मला रागच आला. बाहेर माणसं पाय गमावून पडलीत आणि हिला टिंबांची पडलीय! जमेल तेवढ्या इंग्रजीत मी तसं बोलूनही दाखवलं.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काल रांगेत ती बाई आली होती, आठवते?"

आठवत होती. तिची दोन लेकरं गेली होती. मृतांच्या यादीत धाकट्या मुलीच्या नावात 'ळ'च्या जागी 'ल' पडला होता. घर उरलं नव्हतं, अंगावरचं लुगडंसुद्धा कुणीतरी दिलेलं, पण ती कारकुनासमोरून हलत नव्हती. "न्हाई, तसं न्हाई. माझ्या लेकीचं नाव नीट लिव्हा."

"एकच हाय मावशी," कारकून म्हणाला होता.

"एक कसं हाय? तुम्ही लिव्हलेल्या नावानं हाक मारली असती तर माझी लेक वळली नसती."

ती काय म्हणते ते डॉक्टरांनी मला विचारलं होतं आणि मीच त्यांना सांगितलं होतं.

"ती बाई बरोबर होती," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या नावातली टिंबं काढली तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी मशीनशी झटत बसले. o मारायचा, एक घर मागं यायचं, आणि त्याच जागेवर अवतरणचिन्ह मारायचं. दोन्ही खुणा बरोबर o च्या डोक्यावर बसल्या. मोठं अक्षर असेल तर खुणा त्याच्यावरच पडायच्या, मग रोलर अर्धं घर फिरवायचा. संध्याकाळी डॉक्टरांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला आणि पेन खिशात ठेवून दिला. मग दोन्ही नर्सना बोलावून त्यांनी तो कागद दाखवला. माझ्या टायपिंगचं असं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

याद्या तालुक्याला जायच्या. चौथ्या दिवशी त्या परत आल्या, प्रत्येक टिंबाभोवती लाल शाईचा गोल आणि शेजारी शेरा: टंकदोष. मी त्या नव्यानं टाइप केल्या, टिंबांसकट. पुन्हा परत आल्या. तिसऱ्या वेळी तालुक्याचे मोठे कारकून स्वतःच तंबूत आले.

"पोरी, ही घाण काढून टाक कागदावरची."

"घाण न्हाई साहेब. नाव हाय त्यांचं."

"मी काढ म्हणून राहिलो ना?"

"न्हाई काढणार."

"तुला कामावर ठेवायचं का न्हाई ते माझ्या हातात हाय."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग नका ठेवू. मशीन हे हाय, बसा तुम्ही."

ते काही बसले नाहीत. मैलभरात टायपिंग येणारं दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या याद्यांवर लाल गोल आले नाहीत.

लग्न होऊन मी लातूरला आले. नवरा कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक. शहर त्या वर्षांत बघता बघता बदलून गेलं. मुखेडपासून नांदेडपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायची, दर दुसऱ्या घरावर 'मुलींसाठी रूम' अशी पाटी आणि गल्लीगल्लीत क्लास. क्लास आले तशा नोट्स आल्या. मी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि टायपिंगची कामं घ्यायला लागले.

एकदा एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका मराठी फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली. सगळी मराठी गायब. पडद्यावर नुसती टोप्या घातलेली, टिंबं दिलेली परकी अक्षरं. "आवो, नवरी कुठं गेली आमची?" म्हणून गिऱ्हाईक कपाळाला हात लावून बसलं. मी मात्र त्या गर्दीत ö पाहिला आणि जवळजवळ ओरडलेच. आमच्या मराठी फॉन्टनं याच अक्षरांच्या जागा घेतल्या होत्या आणि ती बिचारी खाली तशीच होती. मग दुपारी काम नसलं की मी कीबोर्डवरचं आल्ट बटण दाबून एकेक आकडा मारून बघायची आणि वहीत उतरवून ठेवायची. ö म्हणजे 0246. é म्हणजे 0233. डोक्यावर गोल असलेला Å म्हणजे 0197.

याच गोलापायी माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. एका क्लासचे चालक, स्वतः फिजिक्स शिकवायचे. त्यांच्या हस्तलिखितात तरंगलांबीपुढं गोलाचा Å, म्हणजे अँगस्ट्रॉम हे माप, होता; मी तसाच टाइप केला. प्रूफ बघून ते म्हणाले, "ताई, हे गोल काढा. जुन्या नोट्समध्ये साधा A आहे, टेस्ट पेपरमध्येही तोच. सगळं एकसारखं पाहिजे."

मी नवऱ्याला आधीच विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "सर, साधा A म्हणजे अँपिअर झाला. पाच हजार अँपिअरची तरंगलांबी?"

"पोरांना कळतं ते."

"कळलेल्या पोरांसाठी नोट्स कशाला काढता मग?"

त्यांचा चेहरा उतरला, मग चढला. "तुम्ही टाइप करा. फिजिक्स मी बघतो."

"चुकीचं माझ्या हातून टाइप होणार न्हाई सर."

ते हस्तलिखित उचलून समोरच्या दुकानात गेले. त्यांच्या मागोमाग आणखी दोन क्लासनी तोंड फिरवलं. "एवढं ताणायची काय गरज होती?" असं सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं एका मोठ्या कागदावर माझ्या वहीतले सगळे आकडे सुंदर अक्षरात उतरवले आणि तो कागद खोलीच्या काचेला आतून चिकटवला, रस्त्यावरून वाचता येईल असा. दुसऱ्या दुकानांतले ऑपरेटर येऊन उतरवून घ्यायचे. मी त्यांना चहा द्यायची.

त्या वर्षी भरल्या वर्गात एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, इथं अँपिअर कसं काय?" सगळा वर्ग हसला म्हणे. पुढच्या जूनमध्ये सर हस्तलिखित घेऊन दारात उभे. माफीबिफी काही नाही. "तुमच्या पद्धतीनं करा, ताई."

"माझी पद्धत न्हाई सर, बरोबर तसंच हाय."

"हाव बाई," ते म्हणाले आणि बसले.

पुढं क्लासची वेबसाइट झाली. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला एक जण ती बनवत होता. नोट्स वेबसाइटवर गेल्या आणि प्रत्येक गोलाच्या जागी प्रश्नचिन्ह उगवलं. सरांनी मला बोलावून घेतलं. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हे सगळे मी उडवून टाकतो, पाच मिनिटांचं काम. एका अक्षराकडं कोण बघतंय?"

"मी बघून राहिले," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. "उडवायचं न्हाई. ते पान सेव्ह कसं करता ते दाखवा मला पहिल्यापासून."

त्यानं सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मग त्यानं सुस्कारा सोडला, फाइल पुन्हा उघडली, परकी अक्षरं टिकतील अशा पद्धतीनं ती सेव्ह केली, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पानावरचा शेवटचा गोल जागेवर बसला.