बोअर मोजायला सिलिंडर काढावा लागत नाही

सायलेन्सरचा फुगीर पाइप मी पत्र्याचे तुकडे जोडून केला. फूटरेस्ट, सीटचा साचा, हँडलचे क्लॅम्प, सगळं माझ्या हातचं. सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे आतल्या भिंतीतल्या खिडक्या, वर्षभर कानशीने घासून बेतले. कॉलेजची पायरी चढलो नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ही शंभर सीसीची रेसची मोटारसायकल टेम्पोत घालून मी आणि रायडर मुरली आमच्या के. आर. पुरमहून मद्रासकडे निघालो.

मुळबागलला डोसा खाल्ला. त्या रस्त्याने जाल तर थांबाच. पुढे चित्तूर, राणीपेट. रस्ता बरा, पण लॉऱ्या बाजू देत नाहीत.

ट्रॅक मद्रासच्या अलीकडे, श्रीपेरंबुदूरजवळ. त्याआधी रेस शोलावरमला व्हायच्या, महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर. तिथे लांब सरळ पल्ला, म्हणून टॉप स्पीडच सगळं ठरवायचा. नवा ट्रॅक वळणांचा. वळणातून बाहेर पडताना ओढ हवी. मी पोर्ट त्या हिशोबाने घासले होते. बाकीचे अजून शोलावरमचीच इंजिनं घेऊन आले होते.

मुरली पहिला आला. हेल्मेट काढता काढता म्हणाला, "अण्णा, स्वल्प थ्रॉटल दिला की उडतेय."

तेवढ्यात एका मोठ्या टीमने तक्रार नोंदवली: इंजिन शंभर सीसीपेक्षा मोठं आहे. नियम असा, की तक्रारीची फी भरली की इंजिन सर्वांसमोर उघडायचं. नकार दिला तर निकाल रद्द.

मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायला तेवढं पुरतं. त्यांचा मॅनेजर म्हणाला, "सिलिंडरही उतरवा."

"का? तुमच्याकडे बोअर खालून मोजतात?"

"उतरवा हो, पाच मिनिटांचं काम," अधिकारी वैतागले.

मुरली हळूच म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे, उतरवून टाका. ट्रॉफी जाईल."

त्याच्यासाठी उतरवला. माप चोख निघालं. अधिकारी ते लिहून घेत होते, तोवर त्या टीमच्या मेकॅनिकने कागदाची गुंडाळी सिलिंडरमध्ये सारली आणि अंगठ्याने घासायला लागला. काजळी लागून पोर्टचा हुबेहूब ठसा कागदावर उतरतो. तो पाहून तसेच पोर्ट कुणीही घासू शकतो; तक्रार एवढ्यासाठीच होती. मी कागद हिसकावला, फाडला, तुकडे खिशात घातले.

"पेपर आमचा आहे," मॅनेजर म्हणाला.

"आकार माझा आहे."

दमदाटीबद्दल मला समज मिळाली, निकाल कायम राहिला. परतताना मुरली ट्रॉफी मांडीवर घेऊन झोपला. इंजिन बरोबर आहे हे ठाऊक असूनही त्यांनी मला चारचौघांत चोर ठरवलं. हा राग अजून गेलेला नाही.

आठवड्याने तोच मॅनेजर माझ्या वर्कशॉपमध्ये आला. "तक्रार हा रेसचाच भाग असतो, मनाला लावून घेऊ नका. सिलिंडर आम्हाला द्या. फक्त तो तुम्ही केला असं कुठे बोलायचं नाही."

"चोराचा माल कशाला घेता?" मी विचारलं.

तेव्हा नवी मोटारसायकल चाळीसेक हजारांत यायची. तो त्या एका सिलिंडरचे एक लाख वीस हजार देत होता. मी नाही म्हणालो.