विमान कंपनीकडे मागितलेली आखाजी

तिकिटं विकणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. तिकीट काढायला आलेलं गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देऊन जातं. पण विमान लेट झालं किंवा कॅन्सल झालं, की तोच माणूस परत येतो, खुर्ची ओढतो आणि चहा येईपर्यंत बोलतो. चहा आल्यावर तर विचारूच नका!

जळगावात स्टँडच्या मागे आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही दोघंच, मी आणि सुरेखाताई. मी तिकिटं काढतो आणि सुरेखाताई भांडतात. म्हणजे कंपनीला मेल लिहिणं, फोन लावणं, भरपाई मागणं हे सगळं खातं त्यांचं. पूर्वी रेल्वे लेट झाली की आमचा माणूस फलाटावर डबा उघडून जेवायचा आणि पिशवी उशाला घेऊन आडवा व्हायचा. विमान लेट झालं की तोच माणूस वकील होतो. हे त्याच्या अंगात कुठून येतं, देव जाणे.

* * *

आमचे सगळ्यात मोठे वकील म्हणजे रघुनाथआबा. चोपड्याकडचे केळीवाले. पांढरं धोतर, खिशात मोठा स्मार्टफोन, आणि तो कानापासून वीतभर लांब धरून बोलायची सवय.

आबांची एकुलती एक लेक कविता हैदराबादला नोकरी करते. लग्न झालं आणि पहिलीच आखाजी आली. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो, खान्देशात लेकी माहेरी येतात. गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्यातून लग्नानंतरची पहिली आखाजी! आबांनी झोक्यासाठी नवा दोर आणला होता. आणि आदल्या दिवशी कंपनीने फ्लाइट कॅन्सल केली. कारण काय, तर 'ऑपरेशनल'. रेल्वेत जागा नाही, पुढच्या विमानाने यावं तर सण संपलेला. पोरगी तिकडे रडली, आबांची कारभारीण इकडे रडली, आणि आबा आमच्याकडे आले.

"आबा, तिकिटाचे पैसे परत आले ना कविताच्या खात्यात?" सुरेखाताईंनी विचारलं.

"पैसा उनात," आबा म्हणाले. "पोर उनी नही."

"मग आता भरपाई किती मागायची?"

"माले पैसा नही पाहिजे. त्यासनी मनी आखाजी बुडायी, त्यासनीच ती आनी द्यावी. माले मनी आखाजी पाहिजे!"

आता कंपनीच्या वेबसाइटवर भरपाई कशाची हवी त्याचे पर्याय असतात. सामान, हॉटेल, जेवण. सुरेखाताईंनी 'इतर' निवडलं आणि समोर सरळ टाइप केलं: आखाजी.

* * *

त्यानंतर आबा दर बाजाराला यायला लागले. आमच्या बाकावर बसून स्वतःच्या तक्रारीची चौकशी करायची आणि दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या!

एकदा ते बसलेले असताना चाळीसगावचे एक कापडवाले शेठ आले. त्यांचं विमान मुंबईला लटकलं होतं. कंपनीने नियमाप्रमाणे सगळ्यांना सँडविच दिलं. शेठना नेमकी चतुर्थी! चिडून त्यांनी तक्रार केली: 'उपास असलेल्या माणसाला सँडविच देणं म्हणजे जेवण न देणं, सबब भरपाई द्यावी.'

कंपनीचं उत्तर आलं. मोठ्या नम्रतेने दिलगिरी वगैरे, आणि शेवटी ओळ: 'आपल्या पुढील उपवासासाठी आमच्या संपूर्ण टीमकडून हार्दिक शुभेच्छा!'

शेठनी ते उत्तर दुकानात फ्रेम करून लावलंय.

* * *

धुळ्याचे एक प्राध्यापक आहेत. वक्तशीरपणावर व्याख्यानं देतात. त्यांचं विमान लेट झालं म्हणून ते जोरजोरात तक्रार सांगायला आले. वेळेची किंमत, शिस्त, राष्ट्रउभारणी, सगळं झालं. सुरेखाताईंनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही एअरपोर्टला किती वाजता पोहोचलात?"

सर म्हणाले, "तो वेगळा मुद्दा आहे."

मुद्दा असा, की विमान लेट नसतं तर सरांना ते दिसलंसुद्धा नसतं! सुरेखाताई म्हणाल्या, "मग सर, या वेळी तुम्हीच त्यांना भरपाई द्या."

बाकावरून आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सर मात्र पुन्हा आले नाहीत. हल्ली त्यांचं तिकीट त्यांच्या मिसेस काढतात.

* * *

पण माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे एरंडोलच्या शांताअक्का. मुलाकडे निघाल्या होत्या. बरोबर पुऱ्या, ठेचा आणि दराब्याच्या लाडवांचा हा एवढा डबा. विमान लेट झालं. कंपनी पाणीसुद्धा विचारेना, पोरंबाळं रडायला लागली. अक्कांना राहवेना. त्यांनी तिथेच ओळीतल्या खुर्चीवर डबा उघडला आणि पंगत बसवली. सगळ्या प्रवाशांना वाढलं. गेटवर उभ्या असलेल्या कंपनीच्या दोन मुलींनाही "भूक्या कशाले ऱ्हातीस?" म्हणून एकेक लाडू दिला.

नंतर सुरेखाताईंनी सगळ्यांच्या वतीने तक्रार केली, की प्रवाशांना खायला काही दिलं नाही. कंपनीचं उत्तर: 'आमच्या कर्मचाऱ्यांच्या अहवालानुसार सर्व प्रवाशांना गेटजवळ समाधानकारक नाश्ता देण्यात आला होता.'

मी अक्कांना फोनवर हे वाचून दाखवलं. अक्का खूश! "खरं शे ना भाऊ! दिधा व्हता. पन मी दिधा व्हता!"

तक्रार मागे घ्या म्हणाल्या. नाश्त्याला समाधानकारक म्हटलंय, आणखी काय पाहिजे?

* * *

इकडे आबांचं घोडं अडलेलंच. पहिलं उत्तर आलं, 'रिफंड दिला आहे, तक्रार बंद.' सुरेखाताईंनी ती पुन्हा उघडली. मग दुसरं उत्तर आलं. आता कारण 'ऑपरेशनल' राहिलं नव्हतं, 'खराब हवामान' झालं होतं. खराब हवामान म्हटलं की कंपनी भरपाईतून सुटते.

मी वाचून दाखवलं तेव्हा आबा बाकावरून उठलेच. "आखाजीले? खराब हवामान? अरे, आभायमा एक ढग नव्हता! रस्त्यावर डांबर पघळी ऱ्हायनं व्हतं!"

"आबा, हवामान हैदराबादचं खराब असेल."

"पोर तठेच व्हती ना! तिले इचारं मी. ती बोलनी, छतवर कपडा सुकी ऱ्हायनात."

सुरेखाताईंनी हे जसंच्या तसं लिहून पाठवलं. वाळत घातलेल्या कपड्यांचा त्या दिवशीचा फोटो कविताने हैदराबादहून पाठवला, तोही जोडला. असा पुरावा कंपनीकडे पहिल्यांदाच गेला असावा.

वरवर आम्ही हसत होतो, पण खरं सांगतो, आबा परत जायला निघाले की मला वाईट वाटायचं. पायरी उतरताना ते दर वेळी एकच विचारायचे, "ई ना भाऊ मनी पोर?" मी म्हणायचो, येईल. मला काय माहीत!

* * *

शेवटी एक दिवस कंपनीचा फोन आला. आबा ऑफिसातच होते. सुरेखाताईंनी स्पीकर लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी, हिंदीत बोलणारी. तिने सांगितलं, कंपनी व्हाउचर द्यायला तयार आहे.

आबांनी विचारलं, "उस पे मेरी पोर बैठके आएगी क्या?"

"जी अंकल, आना-जाना दोनों फ्री."

आबांचे डोळे भरून आले. सुरेखाताईंनी माझ्याकडे बघून मूठ वर केली. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बस एक कंडिशन है अंकल. ये व्हाउचर त्योहार के दिनों में नहीं चलेगा."

ज्या सणासाठी सगळं भांडण केलं, तोच सोडून! सुरेखाताई फोनवर तुटून पडणार, तेवढ्यात आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बेटी," ते फोनला म्हणाले, "त्योहार नहीं हो, ऐसा एक दिन तू ही बता दे."

तिने कॉम्प्युटरमध्ये बघून डिसेंबरमधला एक बुधवार सांगितला. आबांनी कबूल केलं.

त्या बुधवारसाठी आम्हा दोघांना आमंत्रण होतं. लेक आलीय, जेवायला बोलावलंय, एवढंच आम्ही समजलो. स्वेटर घालून चोपड्याच्या पुढे त्यांच्या गावात उतरलो, तर गल्लीतून गाण्यांचा आवाज! निंबाला नव्या दोराचा झोका. ओट्यावर गौराई मांडलेली. आबांच्या कारभारणीच्या हातात खापरावरची पुरणपोळी. डिसेंबरात आंबे कुठले, म्हणून रसाच्या वाटीत वांग्याचं भरीत! गावातल्या सासुरवाशिणी लेकी आबांनी फोन करकरून बोलावल्या होत्या. आणि सगळ्यांत उंच, शाल गुंडाळून, झोक्यावर कविता.

पारावर बसलेले एक म्हातारे नाना काठी टेकत आले. त्यांना हे काही पटलं नव्हतं. "रघुनाथ, येडा व्हयना का? आखाजी वैशाखमा ऱ्हास. यंदानी ते कधीनीच व्हयी गयी!"

आबा झोक्याला धक्का देत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"कॅन्सल नही व्हयनी नाना," ते म्हणाले, "लेट शे!"